नंबराचा दगड

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"वनमाला, नंबर धरायला ठेवलेला हा काळा दगड तुझा?"

"माझाच गं, शेवंती. नदीच्या तळाचा खडक तो. ह्यांनी आणला."

"काशीरामभाऊ आले?"

"काल! पुलाच्या खांबाला पाया म्हणून नदीत उतरवतात ती काँक्रीटची पोकळ विहीर खडकाला टेकल्याशिवाय घरी येणार नव्हते."

"ती कलली होती ना? वाट लागली म्हणत होतीस."

"मग काय! वर राहिलेल्या बाजूवर पोत्यांचं ओझं रचलं, त्याच बाजूचा गाळ आतून उपसला. रुसलेल्या पोरीला बसवावं तशी हळूहळू सरळ बसवली."

"झकास!"

"शेवंती, नंबर सांभाळशील? ह्यांना गरम भाकरी वाढून येते."

"जा गं. पूल पेलणारा खडक तुझा नंबर नाही पेलणार?"