उड्या मारुतीपुढचं मागणं

मंडळी, एक विचारतो. देवापुढे हात जोडले की आपण स्वतःसाठीच मागतो ना? मुलगा पास होऊ दे, बदली टळू दे, गुडघ्याचं दुखणं थांबू दे! त्यात पाप नाही. पण कधीकधी त्या मागण्याच्या पोटात दुसऱ्याचं वाटोळं लपलेलं असतं. आणि असं मागणं पुरं झालं तर — ते पाप कुणाचं? देणाऱ्याचं की मागणाऱ्याचं? अहो मावशी, आत्ताच मान डोलवू नका, उत्तर अजून मलाच सांगायचंय!

ऐका तर.

छावणीचं एक गाव होतं. गोरे गेले, पण घोड्यांचं वेड मागे ठेवून गेले. दरवर्षी मार्गशीर्षात तिथल्या माळावर अडथळ्यांची शर्यत व्हायची. नुसती पळापळ नव्हे हो! वाटेत छातीइतकी उंच, काटक्यांची कुंपणं. घोड्यानं भरधाव यायचं आणि वरून झेप घ्यायची. पाऊल वीतभर चुकलं की घोडा मातीत, स्वार त्याच्या खाली!

माळाच्या कडेला मारुतीचं देऊळ. आता उडीचा देव कोण? ज्यानं समुद्र ओलांडला तो! म्हणून शर्यतीच्या शौकिनांची तिथे रीघ. शनिवारी शर्यत, शनिवारीच तेल आणि रुईची माळ. पोरांनी देवाचं नावच पाडलं — उड्या मारुती!

त्या शौकिनांत एक मनोहरपंत खांबेटे. गणिताचे मास्तर, निवृत्त. कुणी जुगारी म्हटलं की उसळायचे — "हा अभ्यास आहे, अभ्यास!" आणि होताच अभ्यास. कुठला घोडा उडी मारताना डावीकडे झुकतो, कुणाचा दम चढावर जातो, सगळं तोंडपाठ. लावायचे मात्र दोन नारळ येतील एवढंच. त्यांच्या पत्नी उमाकाकू म्हणायच्या, "त्यापेक्षा नारळच आणा की! हरलात तरी चटणी होईल."

मग काळजी कसली? सांगतो. चार वर्षं पंतांचे अंदाज ओळीनं चुकले. पारावरची पेन्शनर मंडळी थट्टा करायची — "पंत कुठला घोडा म्हणतात ते विचारा, म्हणजे तो सोडून लावता येईल!" टोचलं हो म्हाताऱ्याला. यंदा ते चारचौघांत गरजले, "मोगरा घोडी जिंकणार! नाही जिंकली, तर जन्मात घोड्याचं नाव घेणार नाही!"

झालं! मंडळी, पैसा गेला तर परत मिळवता येतो, पण चारचौघांत मारलेली बढाई मानगुटीवर बसते.

बाकी सगळ्या गावाचा घोडा होता राजहंस. आणि राजहंसावर स्वार कोण? दौलत शिंगाडे. धनगराचा पोर, पंतांचाच विद्यार्थी! भागाकार चुकला म्हणून ज्याच्या पाठीत धपाटे घातले आणि मग घरी नेऊन ज्याला शिरा खाऊ घातला — तो दौलत.

शर्यतीच्या सकाळी पंत मारुतीला माळ घालताहेत, तोच मागून आवाज आला, "गुरुजी!" दौलत. वाकला, पायांवर डोकं ठेवलं.

"आशीर्वाद द्या, गुरुजी. रात्री शिडकावा झालाय, माती धरत नाही. शेवटच्या कुंपणाची धास्ती वाटतीय."

पंतांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. "यशस्वी हो!" हे कोण म्हणालं? तोंड! आणि मन काय म्हणालं? मन म्हणालं — आज नको रे बाबा!

सुटले घोडे!

पंतांच्या डोळ्यांना दुर्बीण. पहिलं कुंपण, दुसरं, तिसरं. राजहंस पुढे, मोगरा त्याच्या शेपटीला. चढावर राजहंसाचा दम जाईल — पंतांचा अभ्यास! गेला का? नाही गेला! उलट अंतर वाढलं. आता एकच कुंपण उरलं, शेवटचं. पारावरचा एक जण हसत म्हणतो, "काय पंत, उद्यापासून पत्ते खेळायला येणार ना?"

पंतांनी डोळे मिटले. "मारुतीराया, मोगराला बळ दे!" डोळे उघडले. मोगरा दमलेली. पुन्हा मिटले. आणि मग, मंडळी, ओठ न हलवता तो सज्जन माणूस काय म्हणाला?

"मारुतीराया — त्याची उडी चुकव."

अहो, कुणाला सांगता हे? मारुती समुद्रावरून चालला होता, तेव्हा खाली पाण्यात सिंहिका राक्षसीण बसली होती. तिचा धंदा काय? वरून जाणाऱ्याची सावली धरायची आणि त्याला खाली ओढायचं! पंत उभे मारुतीच्या भक्तांत, आणि काम करत होते सिंहिकेचं!

राजहंस उडाला. पुढचे पाय पलीकडे गेले, मागचे अडकले —

"पडला!"

मैदानात पहिली आरोळी कुणाची? पंतांची! 'मोगरा जिंकली' असं नाही ओरडले हो. 'पडला' म्हणून ओरडले!

राजहंस धडपडत उठला आणि पाठीवर कुणी नसताना तसाच धावत सुटला. मोगरा पहिली आली. पेन्शनरांनी पंतांना खांद्यावर घेतलं, "मानलं, मास्तर!" आणि खांद्यावरून पंतांना लांबचं दिसलं. चार माणसं ताडपत्री घेऊन धावली आणि कुंपणाशी आडोसा धरला. लोकांना बघवणार नाही असं काही असलं की तो धरतात. बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. पंतांना होतं. अभ्यास ना!

"उतरवा मला," पंत म्हणाले. "अरे, उतरवा!"

दवाखान्यात दौलतची आई दारातच बसलेली. पंतांना बघून तिनं पदर डोळ्याला लावला. "मास्तर, मांडीचं हाड मोडलंय. पाय ऱ्हातुय का न्हाई, डाक्तर सांगंना. पर तुमचा हात व्हता डोक्यावर, म्हून जीव तरी वाचला माझ्या लेकराचा!"

मंडळी, शिवी दिली असती तर पंतांनी सोसली असती. हे कसं सोसावं?

ते आत गेले, खाटेशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. "दौलत, मी आशीर्वाद नाही दिला रे. तुझी उडी चुकावी म्हणून मारुतीला सांगितलं मी."

दौलतनं तोंड भिंतीकडे केलं. मग तसाच, वळूनही न बघता म्हणाला, "पाडायला तुम्हीच सांगितलंत ना, गुरुजी? मग आता उठवायलाही तुम्हीच सांगा. मला नाही येत मागायला."

दौलत उठला का? उठला. पंतांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत. घोड्यावर पुन्हा बसला नाही. मी गोड शेवट करायला आलेलो नाही. आणि त्याला पाडलं कुणी? मारुतीनं? छे! ओली माती होती, घोड्याचे पाय अडकले. देव असलं मागणं ऐकत नाही. पण मागणारा ऐकतो ना! पंतांनी स्वतःचं ऐकलं होतं, म्हणून पाप त्यांच्याच पदरी आलं.

आता पंतांना सोडा. तुमच्याकडे वळतो. घोड्यावर कुणी लावत नसाल, पण शेजाऱ्याचं दुकान, जावेचा मुलगा, भावकीतली निवडणूक — कुणाच्या तरी शेवटच्या कुंपणाकडे डोळे लागलेत की नाही? तोंडानं 'शुभेच्छा', आणि मनात?

डोळे मिटा. एक नाव आठवा. ज्याची उडी चुकावी असं वाटतं, त्याचंच. आठवलं? आता त्याच्यासाठी मागा.

पेटीवाले, थांबा जरा. भजन नंतर. काही जणांना वेळ लागतोय.