मामांच्या धोतराचा कोपरा

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मोहोपाड्याच्या प्रयोगशाळेत आम्ही लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्यासाठी तांब्याचं निळं संयुग बनवत होतो. उन्हातच रंग उडाला तर लेझरपुढे काय टिकणार? म्हणून उन्हात ठेवून तपासायला बाटली दहिवलीला, मी राहायचो त्या मामांच्या घरी आणली. मामींनी कपड्यांची नीळ समजून ती बादलीत ओतली. मामांचं ठेवणीतलं धोतर गर्द निळं! माझी वर्षाची मेहनत गेली ती वेगळीच.

घरातलं लग्न तोंडावर आलेलं, म्हणून मामी ते धोतर रोज घासून उन्हात टाकायच्या. महिनाभरात रंग जरासुद्धा उतरला नाही. मी गुपचूप कोपरा कापून प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवला. साहेब खूश!

मामांनी धोतर उलगडलं. "रंग जायला पायजे व्हता, तो नाय गेला. कोपरा गेला व्हय रं?"