सातव्या सर्गातला घोडा

सून: "तदनंतर तो अश्व जलामध्ये निमग्न झाला, आणि राजा तटावर एकाकी उभा राहिला." हे थोरल्या पंडितांचं भाषांतर.

सासरे: निमग्न म्हणे. घोडा बुडाला की समाधीला बसला? पुढचं वाच.

सून: हे पद्यातलं. "गेला वारू, गेला गेला, लाटांखाली विरून गेला."

सासरे: गेला गेला काय, बस चुकली का त्याची? असो. माझ्या नव्या आवृत्तीच्या टिपणात लिही, दोन्ही भाषांतरांत घोडा बुडतो.

सून: मूळ काव्यातही बुडतोच ना, बाबा?

सासरे: मूळ काव्यात तर चांगला पाच ओळी बुडतो.

सून: मग तुमच्याच भाषांतरात पलीकडे कसा पोचला? चाळीस वर्षं लोक हसताहेत त्या चुकीला.

सासरे: चूक कसली. तुझा नवरा तेव्हा सहा वर्षांचा होता, तापानं फणफणलेला. दिवसभर जेवढं भाषांतर व्हायचं तेवढं मी संध्याकाळी त्याला वाचून दाखवायचो. घोडा बुडाला ऐकलं आणि कार्ट्यानं दूध पिणंच सोडलं. दोन दिवस पेल्याला तोंड लावलं नाही. शेवटी म्हटलं, अरे, चुकून माझ्याकडून पान उलटलं गेलं, घोडा पोचलाय पलीकडे. मग प्यायला.

सून: आणि तसंच छापलंत.

सासरे: पुस्तक हातात आल्यावर त्यानं आधी तेच पान काढलं असतं. काय करतो? एक खोटं निभवायला पुढचे तीन सर्ग त्या घोड्याला चारापाणी घालत बसलो. मुळात राजा पायी चालतो बिचारा.

सून: एवढं निभावलंत, मग काल प्रुफात घोडा पोचल्याची ओळ का खोडलीत? भिंग घेऊन, तांबड्या शाईनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सासरे: ही माझी शेवटची आवृत्ती. घोड्यासाठी रडणारा होता तोवर ठीक होतं. त्याला जाऊन चार महिने झाले. आता बुडू दे. पुढचं चारापाणी कुणाला खटकलं तर खटकू दे. चार वाजता छापखान्यातला माणूस येईल, गठ्ठा त्याच्याकडे दे आणि मोकळी हो.

सून: तिसरं भाषांतर राहिलंय.

सासरे: दोन पुरेत.

सून: तुमच्या मुलाचं राहिलंय.

सासरे: त्याचं नको. त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. "वडिलांच्या दोनशे चुका मुलानं सुधारल्या." मासिकात मथळाच होता.

सून: मथळा मासिकवाल्यांचा. पुस्तक उघडलंत कधी?

सासरे: वेळ झाला नाही.

सून: सहा वर्षं? त्यानं पाठवलेलं पाकीट त्या कपाटावर आहे तसं आहे, दोरीची गाठसुद्धा सुटलेली नाही. दर रविवारी धूळ मीच पुसते, मला नका सांगू.

सासरे: अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरानं चारचौघांत माझा कान धरला. लागलं मला.

सून: म्हणून दवाखान्यातही एक शब्द बोलला नाहीत त्याच्याशी?

सासरे: झोपला होता तो.

सून: झोपला नव्हता. तुमची पावलं ओळखली आणि डोळे मिटून घेतले. मला म्हणाला, मी जागा दिसलो तर बाबा दारातूनच फिरतील. अर्धा तास तसाच पडून राहिला, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तुम्ही पांघरूण सारखं केलंत आणि गेलात.

सासरे: हे तू मला आज सांगतेस?

सून: त्यानं शपथ घातली होती. बाबा स्वतः पाकीट उघडतील, तू मध्ये पडू नकोस, म्हणायचा. पण आज तुम्ही घोडाच बुडवायला निघालात. आता मी पडणार मध्ये.

(ती पाकीट काढते. गाठ सुटत नाही, तेव्हा दोरी दातांनी तोडते.)

सून: सातवा सर्ग. "पाणी नाकाशी आलं. घोड्यानं मान खाली घातली नाही. पलीकडून राजा हाका मारत होता. घोडा पोचला."

सासरे: काय म्हणालीस?

सून: घोडा पोचला.

सासरे: चुकून तुझ्याकडून पान उलटलं गेलं असेल.

सून: नाही उलटलं, बाबा. खाली त्याची टीप आहे. "मूळ काव्यात इथे घोडा बुडतो, हे मला तेराव्या वर्षापासून माहीत आहे. आमच्या घरी तो पोचला. म्हणून इथेही पोचतो."

सासरे: तेराव्या वर्षी... ती भाषा मीच शिकवायला घेतली होती त्याला. बाकावर शेजारी बसून वाचायचा. एका अक्षरानं बोलला नाही मला.

सून: मी गणित शिकवते, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या प्रतीत मोजल्यात मी. एकशे नव्याण्णव चुका सुधारल्यात त्यानं. ही एक ठेवली.

सासरे: नुसती दोरी सोडली असती मी, तर माझं पोर मला परत मिळालं असतं. सहा वर्षं हाताशी होतं गं ते.

सून: रडा, बाबा. चार महिन्यांत रडला नाहीत.

सासरे: किती वाजले?

सून: पावणेचार.

सासरे: मला आता दिसायचं नाही, तू कर. तांबडं पेन घे. ती खोडलेली ओळ आहे ना, तिच्याखाली टिंबं दे. छापखान्यातली खूण आहे ती. खाली टिंबं दिली की ओळ खोडलेली धरत नाहीत, तशीच ठेवतात.

सून: एवढंच करायचं?

सासरे: कागदावर एवढंच करायचं.

सून: दिली.

सासरे: ओळभर दे. एकही सुटू देऊ नकोस. कार्ट्याच्या लगेच लक्षात येतं.