कात्रीचे घट्टे

सरळ उभ्या राहा सिस्टर, वाकून बघू नका — तुम्ही वाकलात की कड वर जाते, आणि मग भाचीच्या लग्नात सगळ्या विचारणार, कुठल्या आंधळीकडून शिवून घेतलास ग ड्रेस. हां, अशाच. ह्यांचं विचारलंत ना? बरे आहेत. आतल्या खोलीत पडलेत जरा. कटिंगचं टेबल सध्या मीच बघते — नाही नाही, तसं काही नाही, आराम म्हणून. तुम्ही हॉस्पिटलच्या, तुम्हाला सगळ्यात आजारच दिसणार. इथे तुम्ही गिऱ्हाईक आणि मी शिंपीण, बस्स. पण एक विचारू का, आता विषय निघालाच आहे म्हणून? डॉक्टरांच्या खोलीत ह्यांच्यासमोर जीभ उचलत नाही माझी. तुमच्या घरातलं कुणी असतं, तर कुठली गोळी दिली असती तुम्ही?

तुम्हीच तर होतात त्या दिवशी, रक्तदाब घ्यायला. कॅन्सरची म्हणून किडनी काढून झाली, फुफ्फुसात ठिपके आले, पहिली गोळी काही महिने चालली आणि मग ठिपके पुन्हा वाढायला लागले. तेव्हा डॉक्टरांनी दोन सांगितल्या. एक जोरकस — आजार जास्त काळ दाबून धरते, पण तळहात-तळपाय सोलून काढते, जुलाब होतात, रक्तदाब चढतो. दुसरी जरा मवाळ — तोंड येतं, साखर वाढते, कधी दम लागतो, पण ह्यांच्या प्रकृतीला बरी झेपेल म्हणाले, फक्त तेवढा काळ धरून ठेवत नाही. सरासरीने हं, असंही म्हणाले. आता सरासरी म्हणजे काय हो? दहा बायकांच्या मापांची सरासरी काढून मी एक ड्रेस शिवला, तर तो बसणार कुणाला? तर हे आपले लगेच म्हणाले, दगडापेक्षा वीट मऊ, मला ती मवाळ द्या डॉक्टर. आणि मी — ह्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं — मी म्हणाले, नाही, जोरकसच लिहा. तर हेच डॉक्टरांना म्हणाले, हिला कळतं, हिचं ऐका. असे आहेत. आयुष्यभर कापड त्यांनी कापलं, पण कुठलं घ्यायचं ते मी ठरवलं.

हो, वाईट नव्हता निर्णय, माहितेय मला. ठिपके थांबलेत. स्कॅन बघून डॉक्टर खूश, मी खूश, हेही मान हलवतात. मग रडगाणं कशाला, असंच म्हणाल तुम्ही — थांबा, तोंडात टाचण्या आहेत, काढते. डॉक्टर दर खेपेला विचारतात ना, हातांना काही त्रास? हे तोंड उघडायच्या आत मीच सांगते, कात्रीचे घट्टे आहेत डॉक्टर, जुनेच आहेत, कटरच्या हातांना असायचेच. पटतं की त्यांना. कुणालाही पटेल, तुम्हालाही पटलं. हे मूठ मिटून बसतात. परवा बाहेर आल्यावर मला म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. हसत म्हणाले. मीही हसले, रस्त्यात रडायचं का?

कात्री? कात्रीचं काय घेऊन बसलात, शर्टाचं बटण लागत नाही त्यांना. घास मी भरवते. पाय जमिनीला टेकवत नाहीत, भिंत धरून टाचेवर चालतात. घट्टे कसले, कातडी उरली तर घट्टे राहणार ना. मग का नाही सांगत म्हणजे — सांगितलं की गोळी कमी करणार तुम्ही लोक. आणि कमी ते कमीच. — काय म्हणालात? कमी करूनही काम करते? मध्ये थोडे दिवस थांबवून, हात भरून आले की पुन्हा सुरू करतात? ... हो. सांगितलं होतं डॉक्टरांनी. मला नव्यानेच कळल्यासारखं तोंड केलं ना आत्ता मी? ऐकलं होतं मी तेव्हाच. ह्या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडलं, कारण मला तो मधला आठवडाही नको होता. त्या आठवड्यात वाढलं असतं तर?

ह्यांना सगळं कळतं. एकदा पायांना मलम लावताना म्हणाले, तुला मी हवाय ना, मग राहतो मी, फक्त जरा हळू लाव. बघा. म्हणजे तेही माझ्यासाठीच. लोक म्हणतात, केवढं करते नवऱ्याचं. ह्यांचं काय करते मी? दुकान उघडल्यावर आत कुणी खोकलं पाहिजे, म्हणून मी त्यांची सालं काढून घेतेय सिस्टर. त्यांनी मवाळ मागितली होती. त्यांच्या तोंडाने मागितली होती.

अहो, निघालात कुठे? अर्धी कड टाचायची आहे अजून, टोचेल पायाला. थांबा ना, मी सांगणारच होते पुढच्या खेपेला. ... नव्हते सांगणार. खोटं बोलायची सवयच लागलीय मला. आणि कमी केल्यावर वाढलं, तर ते कुणाच्या माथी? माझ्याच. नाही केली आणि ह्यांचे हाल झाले, तेही माझ्याच. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे उभी मी नाही, ह्यांना उभं केलंय.

बरं, जा. ते पडद्यामागचं दार. पण वाजवू नका. वाजवलं की हात चादरीखाली घेतात ते — मीच शिकवलंय. तशाच आत जा.