आवाज न येणारी खिडकी

नव्या खिडक्या पाहायला जाणार असाल, तर आमच्या आत्याला सोबत न्या. राजापेठेत आमच्या घरासमोरच ट्यूशन क्लास आहे. पोरांच्या गाड्यांच्या हॉर्नपायी तिला दुपारची झोप नाही. म्हणून जुन्या खिडक्या काढून यूपीव्हीसी प्लास्टिकच्या बसवायचं ठरलं आणि आम्ही दोघं दुकानात गेलो.

टाय घातलेला एक विक्रेता लगेच चिकटला. "डबल काच आहे सर. बाहेर बँड वाजला तरी आत कळणार नाही."

आत्या म्हणाली, "दाखव बरं."

दुकानात ही खिडकी बसवलेली एक छोटी खोली होती. तो आणि मी आत गेलो, आत्या बाहेर थांबली. त्यानं खिडकी लावली आणि हातानं खूण केली, बोला.

आत्या बोलली. "हा एक नंबरचा लबाड हाय. बुजगावण्यासारखा टाय लटकवला अन् लोकायले प्लास्टिक विकून राहिला. खरं बोलाचं याच्या मायनं याले शिकवलंच नाही."

शब्द न् शब्द ऐकू आला. पण चिडला असता तर ऐकू आलं हे कबूल करावं लागलं असतं! तो गुमान हसला. "पाहा सर, काहीच ऐकू आलं नाही."

त्यानं खिडकी उघडली. आत्यानं डोकं आत घातलं. "आलं का रे ऐकू?"

"अजिबात नाही, काकू."

"मंग तुहे कान कायले लाल झाले?"