चालायचंय की चालावं लागतंय

यू-ल्यान : चाळीस मिनिटं झाली. स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर. खालच्या बाई काल मला विचारत होत्या, घरात शिवणयंत्र घेतलं का म्हणून. बस जरा, शू-यून.

शू-यून : बसते. हे बघ, बसले.

यू-ल्यान : उठलीस.

शू-यून : मी नाही उठले ताई. पाय उठले.

यू-ल्यान : असं बोलू नकोस.

शू-यून : मग कसं बोलू? हाडांच्या आत वाळू भरल्यासारखं वाटतंय आणि ती सारखी खाली-वर सरकतेय. चाललं की दोन श्वासांपुरतं बरं. थांबलं की परत तेच.

यू-ल्यान : डोक्यात ते आवाज येताहेत का?

शू-यून : नाही.

यू-ल्यान : खरं सांग.

शू-यून : गोळी वाढवल्यापासून एकही नाही. आठवडाभर तेच तर सांगतेय तुला. डोकं शांत आहे, पायच काय ते ऐकत नाहीत.

यू-ल्यान : जानेवारीतही हेच म्हणाली होतीस, डोकं शांत आहे. तीन दिवस घरात अशाच येरझाऱ्या घातल्यास आणि चौथ्या दिवशी मला पोलिसांचा फोन. तुमची बहीण डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेच्या रुळांमधून वर चाललीय, अंगात स्वेटर नाही. माझ्या भाताच्या गाड्यावर गिऱ्हाईक उभं होतं, तसंच टाकून धावले मी.

शू-यून : तेव्हा मला बोलावणं येत होतं म्हणून मी चालत होते. आता कोणी बोलावत नाहीये. आता मला चालायचंच नाहीये.

यू-ल्यान : बाहेरून मला दोन्ही सारखंच दिसतं गं.

शू-यून : माहितेय.

यू-ल्यान : बरं, हे दूध घे. गार होतंय. कोपऱ्यावरून आणलंय, तांदूळ-शेंगदाण्याचं. लहानपणी ह्याच्यासाठी भांडायचीस माझ्याशी.

शू-यून : नको. तीन दिवस कडू लागतंय ते.

यू-ल्यान : शेंगदाणे करपले असतील त्याचे.

शू-यून : आणि जबडा आखडतो. जीभ जाड होते. काल शाळेतल्या बाईंना फोनवर माझं बोलणं कळेना, दोनदा विचारलं त्यांनी कोण बोलतंय म्हणून. शुक्रवारी त्यांच्या सभागृहातला पियानो सुरात लावायचाय मला. एका जागी बसून एकेक तार ऐकावी लागते. मी तर जेवायलासुद्धा बसू शकत नाही.

यू-ल्यान : शुक्रवारचं शुक्रवारी बघू.

शू-यून : ताई, मागच्या बाल्कनीला कुलूप लावून किल्ली तुझ्याकडे ठेवशील?

यू-ल्यान : का?

शू-यून : ठेव.

यू-ल्यान : शू-यून, का?

शू-यून : मरायचं नाहीये मला. हे थांबायला हवंय फक्त. पण आज उजाडता उजाडता असं झालं, की थांबवायचा दुसरा उपायच सुचेना. म्हणून तुला सांगतेय. माझ्याकडे अशी बघू नकोस, किल्ली काढ.

यू-ल्यान : काढली. ही बघ, खिशात टाकली. औषधवाल्या होंगकाकांना फोन लावते. इस्पितळाचा फोन लागेपर्यंत दुपार होईल, ते तरी दुकान उघडून बसले असतील.

शू-यून : स्पीकरवर ठेव. माझ्यामागे बोलू नकोस.

होंग : हं, बोल यू-ल्यान. इतक्या सकाळी?

यू-ल्यान : काका, शू-यून परत चालायला लागलीय. जानेवारीसारखी. आवाज येत नाहीत म्हणते, पण थांबत नाही. आणि आज तर बाल्कनीची...

शू-यून : मी सांगते. मी इथेच आहे काका.

होंग : मग तूच सांग पोरी. एकच विचारतो आधी. तुला चालायचंय, की चालावं लागतंय?

शू-यून : चालावं लागतंय.

होंग : मनाला कुठे जायचंय?

शू-यून : कुठेच नाही. मला झोपायचंय. आजवर हे कोणी विचारलंच नाही मला.

होंग : रडू नकोस. चालत चालत बोल. गोळी कधी वाढवली तुझी?

शू-यून : अकरा दिवसांपूर्वी. अर्धीची एक केली.

होंग : आणि पायांचं कधीपासून?

शू-यून : तिसऱ्या दिवसापासून थोडंथोडं. गेले तीन दिवस सहन होत नाहीये.

होंग : हे मला आजाराचं कमी आणि औषधाचं जास्त वाटतंय. डोस वाढला की होतं काही जणांना, पाय ठरत नाहीत. घरच्यांना वाटतं आजार उलटला, म्हणून ते आणखी औषध मागतात आणि पाय आणखी पेटतात. यू-ल्यान, ऐकतेयस ना?

यू-ल्यान : ऐकतेय.

शू-यून : काका, जबडापण आखडतो. जीभ वळत नाही.

होंग : जबडा? ह्या गोळीनं, तेही इतक्या कमी डोसवर? आणखी काही घेतेस का? सर्दीचं, झोपेचं, कुणी देवळातून आणून दिलेलं?

शू-यून : काहीच नाही. रोजची एक, ताई स्वतः हातावर ठेवते.

होंग : यू-ल्यान?

यू-ल्यान : हं.

होंग : मी तुला विचारतोय.

यू-ल्यान : त्या दुधात आहे.

शू-यून : काय आहे दुधात?

यू-ल्यान : जानेवारीतल्या गोळ्या. इस्पितळातून घरी सोडलं तेव्हाच्या, डॉक्टरांनी पुढे बंद केल्या त्या. आठ उरल्या होत्या. मला टाकवेनात. त्या गोळ्यांनीच तू परत आली होतीस ना. तीन दिवसांपूर्वी तुला चालताना पाहिलं आणि... चमच्याखाली एक चुरली.

शू-यून : किती?

यू-ल्यान : तीन दिवस, रोज एक. ही चौथी.

शू-यून : काल आरशासमोर उभी राहून मी स्वतःचं नाव घेऊन बघत होते. नीट येईना तोंडातून. मला वाटलं, ह्या वेळी आजार असा सुरू होणार. तू दारात उभी राहून बघत होतीस.

यू-ल्यान : आता शांत होईल, मग शांत होईल, ह्याची वाट बघत होते. झाली नाहीस. वाटलं, आणखी एक लागेल.

शू-यून : मला विचारायचंस.

यू-ल्यान : नाही म्हणाली असतीस.

शू-यून : हो. नाही म्हणाले असते.

होंग : हे सगळं तुम्ही दोघी नंतर बोला. शू-यून, गिळायला त्रास होतोय? श्वास अडकतो? ताप?

शू-यून : नाही.

होंग : तर आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं, तातडीच्या विभागात. दोन्ही पाकिटं सोबत न्यायची. गेल्या गेल्या सांगायचं, कोणती गोळी, किती, कधी. यू-ल्यान, तू सांगायचंस, लाज बाजूला ठेवून. जबडा सोडवायला त्यांच्याकडे इंजेक्शन असतं, पायांसाठीही औषध असतं. आणि पोरी, पहाटे तुला काय वाटलं तेही सांग. बाल्कनीची गोष्ट कळली मला, अर्धी सांगितली तरी.

शू-यून : सांगते. आजची रोजची गोळी घेऊ का?

होंग : ते त्यांनाच विचार, अर्ध्या तासात पोचशील. आपल्या मनानं वाढवायची नाही, तशी आपल्या मनानं बंदही करायची नाही.

शू-यून : त्यांनी कमी केली आणि आवाज परत आले तर?

होंग : येऊ शकतात. तुला खोटं कशाला सांगू? तुला सोसेल आणि पुरेलही, असा डोस शोधावा लागतो, तो एका फेरीत सापडत नाही. टॅक्सी बोलावू का?

शू-यून : टॅक्सीत बसवणार नाही मला.

यू-ल्यान : चालत जाऊ. दोन किलोमीटर तर आहे. मी येते बरोबर.

शू-यून : ये. पण माझा हात धरू नकोस.

यू-ल्यान : नाही धरत.

(पाच आठवड्यांनंतर. चियाई शहराच्या बाजारातला यू-ल्यानचा टर्कीच्या भाताचा गाडा. दुपारची गर्दी ओसरली आहे. मागच्या बाजूला दोन स्टुलं.)

यू-ल्यान : सावकाश खा. मुळ्याचं लोणचं देऊ? कसा होता शाळेतला पियानो?

शू-यून : दमट हवेनं पार बेसूर झालेला. तारांवर पडणाऱ्या दोन हातोड्यांच्या लोकरीला तर कसर लागलेली. तीन तास गेले.

यू-ल्यान : तीन तास बसून होतीस?

शू-यून : बसून होते. मधे एकदा पाणी प्यायला उठले, तेही तहान लागली म्हणून.

यू-ल्यान : डॉक्टरांना सांगायला हवं हे. गोळी परत अर्धीवर आणली ते बरंच झालं म्हणायचं.

शू-यून : आणखी एक सांगायचंय. तो माणूस पैसे देऊन जाऊ दे आधी.

यू-ल्यान : गेला. बोल.

शू-यून : सगळ्यात वरच्या तारा लावत होते. मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. एकदाच, हळू. वळून बघितलं तर सभागृह रिकामं.

यू-ल्यान : शाळा आहे. पोरं असतील बाहेर.

शू-यून : मीही आधी तेच म्हटलं. पण तो आवाज ओळखते मी.

यू-ल्यान : हं.

शू-यून : घाबरलीस.

यू-ल्यान : घाबरले. तू?

शू-यून : मीपण. सांगू की नको, रस्ताभर तेच डोक्यात होतं. वाटलं, सांगितलं की तू परत काहीतरी चुरशील.

यू-ल्यान : उरलेल्या चारही होंगकाकांना देऊन आले मी. हवं तर विचार त्यांना.

शू-यून : विचारलं. दोनदा.

यू-ल्यान : बरं केलंस. माझ्यावर एवढ्यात विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवत नाही. आता काय करायचं ते सांग.

शू-यून : डॉक्टर म्हणाले होते, एकदा जरी ऐकू आलं तरी त्याच दिवशी कळवा. थांबून बघत बसू नका.

यू-ल्यान : आण तो फोन, मी लावते. तिथल्या नर्सबाई माझा आवाज ओळखतात.

शू-यून : नको.

यू-ल्यान : परत वाढवतील गोळी?

शू-यून : वाढवतील, बदलतील, नाहीतर थांबा म्हणतील. माहीत नाही.

यू-ल्यान : परत पायांचं सुरू झालं तर?

शू-यून : तर तेही सांगेन. श्श, वाजतोय. हॅलो? लाय शू-यूनबद्दल बोलायचं होतं. नाही, बहीण नाही. मीच पेशंट.