बिनकठड्याचा जिना

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा पाय सुजून टम्म झाला होता आणि मांडीवर लॅपटॉप उघडा होता.

"अहो, आत्ताच जिन्यावरून पडलात. मिटवा ते."

"अगं, त्याच जिन्याच्या कठड्याच्या गजाचं डिझाइन करतोय. बघ, दोन पीळ दिले."

"वर्षभर पीळच देताय."

"तीन दिले की दोरखंड वाटतो, एक दिला की चुकून वाकल्यासारखा. एकदा हा जमला ना, की बाकीचे सगळे आपोआप तसेच होतात."

"कॉम्प्युटरवर होतात. जिन्याला एक गज नाही! साधे सरळ लावा म्हणून सांगून सांगून माझा घसा सुकला."

"आर्किटेक्टच्या घरी सरळ गज? लोक काय म्हणतील?"

"लोक वर येतात कुठे? तुमची सख्खी बहीण खालूनच चहा पिऊन जाते."

"पण खाली पडल्या पडल्या एक लक्षात आलं. तिथून बघितलं तर अडीच पीळच शोभतील."

"धन्य आहात!"

तेवढ्यात नर्सनं हाक मारली.

"चला काका, पायाला प्लास्टर घालायचंय. सहा आठवडे घरीच बसायचं."

"सहा आठवडे! ऐकलंस? आता गज झालाच म्हणून समज."

"सिस्टर, यांच्या उजव्या हातालाही घाला."